नकाराधिकार नको, नियम हवा

संघ लहान असतो तोवर त्याचे निर्णय परस्परविश्वासावर चालू शकतात. तो वाढू लागला की विश्वासाला नियमांची जोड द्यावी लागते. युरोपीय संघ आज याच प्रश्नाशी झुंजत आहे. १९५७ साली रोमच्या कराराने सहा देश एकत्र आले. १९७३ मध्ये ते नऊ झाले, १९८६ मध्ये बारा आणि १९९५ मध्ये पंधरा. २००४ साली तर एकाच वेळी दहा देश दाखल झाले. ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडल्यावर सदस्यसंख्या २७ उरली. युक्रेन, मोल्डोव्हा आणि बाल्कन प्रदेशातील काही देश आता प्रवेशाच्या रांगेत आहेत. सहा जणांच्या बैठकीत सर्वसंमतीचा आग्रह धरणे शक्य होते. तीस-पस्तीस जणांच्या सभेत त्याच आग्रहाचा अर्थ, कोणाही एकाने उरलेल्या सर्वांना अडवून धरणे, असा होतो. म्हणून निर्णयाचे नियम बदलल्याखेरीज नवे सभासद घेऊ नयेत, असा विचार तेथे बळावला आहे.

हा प्रश्न दूरच्या, सधन देशांचा आहे, असे मराठवाड्यातील कार्यकर्त्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोठ्या संघात दाखल होणाऱ्या लहान घटकाचे काय होते, याचा नांदेड आणि लातूर या भागांइतका प्रदीर्घ अनुभव फार थोड्या प्रदेशांना असेल. हैदराबाद संस्थानातून सप्टेंबर १९४८ मध्ये मुक्त झालेला हा भूभाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. एका तपाच्या आत तीन राज्यव्यवस्थांतून गेलेल्या मराठवाड्याने महाराष्ट्रात येताना कोणतीही अट घातली नाही, हे येथे आजही अभिमानाने सांगितले जाते. तो अभिमान रास्त आहे. भाषेच्या नात्याने एकत्र येणाऱ्यांनी सौदा करू नये, ही भावना उदात्तच होती. तथापि अट न घालणे आणि निर्णयाचे नियम न ठरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत मनाचा मोठेपणा होता. दुसरीची किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागली.

वचने पुष्कळ, नियम थोडे

नियम ठरविण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे आदी नेत्यांनी सह्या केल्या. नियोजित राज्याचे महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन घटक त्यात मानले गेले. निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे, मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष द्यावे, शासकीय नोकऱ्यांत व शिक्षणसंस्थांतील प्रवेशात लोकसंख्येनुसार वाटा मिळावा आणि या सर्वांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, असे करारात म्हटले आहे. वचने स्पष्ट आहेत. मात्र निधी कमी दिला गेला तर उपाय काय आणि अहवाल आलाच नाही तर कोणी कोणाला जाब विचारायचा, याविषयी करार मूक आहे.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने या वचनांना घटनेत स्थान दिले, आणि नेमका येथेच एक फरक झाला, ज्याकडे फारसे लक्ष गेले नाही. अनुच्छेद ३७१ मध्ये आंध्र प्रदेश व पंजाब या राज्यांसाठी विधानसभा सदस्यांच्या प्रादेशिक समित्यांची तरतूद करण्यात आली. मुंबई राज्यातील मराठवाडा, विदर्भ आदी प्रदेशांच्या वाट्याला मात्र विकास मंडळे आली. समिती म्हणजे लोकप्रतिनिधींचे सभागृह. मंडळ म्हणजे राज्यपालांनी नेमलेली सल्लागार यंत्रणा. एकात निर्णयात सहभागाचे बीज होते, दुसऱ्यात केवळ देखरेखीचे. ही मंडळेही प्रत्यक्षात येण्यास ३८ वर्षे लागली. राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो ९ मार्च १९९४ रोजी.

दरम्यानच्या काळात १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन झाले. विद्यार्थ्यांनी पेटविलेल्या त्या आंदोलनाने मागासलेपणाची जाणीव प्रथमच गावोगाव पोहोचविली. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ मध्ये तिने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा, म्हणजे साडेतेवीस टक्क्यांचा होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती आधारभूत धरून २००० साली नवी गणना दिली. तीत एकूण अनुशेष सुमारे १४,००० कोटी आणि मराठवाड्याचा सुमारे ४,००० कोटी निघाला. भाववाढीचा भाग वगळला आणि दोन्ही समित्यांच्या गणनापद्धती अगदी एकसारख्या नव्हत्या हे मान्य केले, तरी राज्याच्या एकूण अनुशेषातील मराठवाड्याचा वाटा साडेतेवीस टक्क्यांवरून २८ टक्क्यांच्या पुढे गेला, ही गोष्ट उरतेच. अनुशेष भरून काढण्याच्या दशकात तो अधिकच मराठवाड्याकडे सरकला, असा याचा अर्थ.

असे का व्हावे? एक उदाहरण पुरेसे आहे. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ साली स्थापन झाले आणि रोख्यांच्या मार्गाने त्याने मोठा पैसा उभा केला. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ आले ते १९९८ साली. अर्थसंकल्पातील रकमेचे समन्यायी वाटप करण्याची जबाबदारी घटनेने राज्यपालांवर टाकली होती. परंतु पैसा उभा करण्याची वाटच निराळी काढल्यावर समन्यायाचे सूत्र काठावर उभे राहिले. वचन मोडावे लागले नाही, त्याला वळसा घालता आला.

मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती वेळीच वाढविली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्रचनेचा ठराव केला. ज्या यंत्रणेचे अस्तित्वच दर काही वर्षांनी सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असते, तिला संरक्षण म्हणणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग आहे. डॉ. विजय केळकर समितीचा अहवालही ऑक्टोबर २०१३ मध्ये तयार झाला आणि विधिमंडळापुढे आला तो डिसेंबर २०१४ मध्ये. अहवालाला कोणी बंदी घातली नव्हती. तो अमुक दिवसांत मांडलाच पाहिजे असा नियम नव्हता, इतकेच.

खुर्ची आली, तरीही

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. मराठवाड्याला सत्तेत वाटा मिळाला नाही का? मिळाला, आणि भरपूर मिळाला. शंकरराव चव्हाण दोनदा, शिवाजीराव पाटील निलंगेकर एकदा, विलासराव देशमुख दोनदा आणि अशोक चव्हाण २००८ ते २०१० या काळात मुख्यमंत्री होते. हे चारही मुख्यमंत्री नांदेड आणि लातूर या दोनच जिल्ह्यांतील. १९७५ पासून २०१० पर्यंतच्या काळात या चौघांची मिळून कारकीर्द चौदा वर्षांहून अधिक भरते. त्यांनी काही केले नाही असे म्हणता येणार नाही; जायकवाडी आणि विष्णुपुरी या प्रकल्पांमागे शंकररावांचा पाटबंधारेविषयक आग्रह होता, हे विरोधकही मान्य करतील.

तरीही एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते. पहिल्या फेरीत दहा टाक्यांच्या डब्यांतून पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास डब्यांची गाडी धावू लागली. ज्या जिल्ह्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, त्याच्या मुख्य शहराला सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून घोटभर पाण्यासाठी आगगाडीची वाट पाहावी लागली, यातून जो धडा मिळतो तो व्यक्तिनिष्ठ नाही. खुर्चीवर आपला माणूस बसविणे हा निर्णयाच्या नियमाला पर्याय होऊ शकत नाही. खुर्चीवरचा माणूस बदलतो, त्याच्याबरोबर कृपेची दिशाही बदलते. शिवाय खुर्ची टिकविण्यासाठी त्याला राज्यभरच्या आमदारांची मर्जी राखावी लागते. म्हणून आपल्या प्रदेशासाठी तो सवलती मिळवू शकतो, वाटपाचे सूत्र बदलू शकत नाही.

विधानसभेतील २८८ जागांपैकी मराठवाड्याच्या ४६ आहेत. विदर्भाच्या ६२ आणि उर्वरित महाराष्ट्राच्या १८०. नांदेड जिल्ह्याच्या नऊ, लातूरच्या सहा. २०११ च्या जनगणनेनुसार मराठवाड्याची लोकसंख्या राज्याच्या सोळा-सतरा टक्क्यांच्या दरम्यान आहे आणि जागाही सोळा टक्के आहेत. म्हणजे प्रतिनिधित्वात अन्याय नाही. अडचण निराळी आहे. साध्या बहुमताच्या राज्यात आज हरलेला पक्ष उद्या जिंकू शकतो. प्रदेश मात्र नेहमीच अल्पसंख्य राहतो. पक्षाच्या अल्पमतावर निवडणूक हा उपाय आहे. प्रदेशाच्या अल्पमतावर नियमाखेरीज दुसरा उपाय नाही.

नकाराधिकाराचा मोह

येथे एक मोह उत्पन्न होतो. मग मराठवाड्याला नकाराधिकारच का देऊ नये? प्रदेशातील प्रतिनिधींनी नाही म्हटले की राज्याचा निर्णय थांबावा, अशी व्यवस्था का असू नये? समाजवादी कार्यकर्त्यांनी हा मोह निर्धाराने टाळला पाहिजे, आणि त्याची कारणे युरोपपेक्षा मराठवाड्याच्याच इतिहासात अधिक ठळकपणे सापडतात.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. त्यानंतर जे घडले ते महाराष्ट्राने मान खाली घालावी असे आहे. नांदेड, परभणी आणि इतर जिल्ह्यांत दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. विरोधकांच्या तोंडी शब्द होता तो प्रदेशाच्या अस्मितेचा: मुंबईत बसून मराठवाड्याच्या विद्यापीठाचे नाव कोणी ठरवू नये. रस्त्यावरच्या या नकाराधिकारापुढे लोकशाहीने केलेला ठराव साडेपंधरा वर्षे अडून राहिला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्ताराच्या रूपाने तो अंशतः अमलात आला. प्रदेशाच्या नावाने दिलेला नकार प्रत्यक्षात कोणाच्या हाती जातो, हे त्या वर्षांनी दाखवून दिले. तो भूमिहीनाच्या हाती जात नाही, स्त्रीच्या हाती जात नाही; गावात ज्याच्या हाती आधीच जमीन, पाणी आणि काठी आहे, त्याच्याच हाती जातो.

युरोपचा अनुभव वेगळ्या रीतीने हेच सांगतो. १९६५ च्या मध्यावर फ्रान्सने बैठकांवर बहिष्कार टाकला आणि जानेवारी १९६६ मध्ये, महत्त्वाच्या राष्ट्रीय हिताच्या प्रश्नावर बहुमताने निर्णय लादला जाणार नाही, अशा आशयाची तडजोड पदरात पाडून घेतली. त्या तडजोडीमुळे पुढे दीर्घकाळ सर्वसंमतीचे राज्य चालले. परराष्ट्र धोरण, करविषयक प्रश्न आणि नव्या सभासदांचा प्रवेश या बाबतींत सर्वसंमतीची अट आजही कायम आहे. तिचा परिणाम असा, की डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करण्याचा निर्णय होत असताना हंगेरीच्या पंतप्रधानांनी सभागृहाबाहेर जाणे पत्करले, म्हणून तो होऊ शकला. एक माणूस उठून बाहेर गेला म्हणून ज्या संघाचा निर्णय होतो, तेथे अडवणुकीचे मोलही त्या माणसाला ठाऊक असते.

नियम काम करतो तेव्हा

नकाराधिकार नको आणि कृपाही नको, तर मग काय हवे? नांदेड जिल्ह्यातच याचे एक उत्तर गोदावरीच्या पात्रात उभे आहे. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात अनेक वर्षे वाद धुमसत होता. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे राहावेत, १ मार्चला ठरावीक पाणी खाली सोडावे आणि त्यावर तीन सदस्यांच्या समितीने देखरेख ठेवावी, असा तो निर्णय आहे. नियम कडक आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडे असल्याने पाऊस लवकर संपलेल्या वर्षी बंधारा भरत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही. परंतु राज्य बदलले, मुख्यमंत्री बदलले, आंध्रच्या जागी तेलंगण आले, तरी तारखा ठाऊक आहेत आणि तक्रार कोणत्या कलमाविरुद्ध करायची तेही ठाऊक आहे. नियमाविरुद्ध लढता येते, मर्जीविरुद्ध फक्त विनवणी करता येते.

दुसरे उदाहरण राज्यांतर्गत पाण्याचे. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या कलम १२(६)(ग) मध्ये नदीखोऱ्यातील टंचाई वरच्या आणि खालच्या धरणांनी सारखी वाटून घ्यावी, असे तत्त्व आहे. हे तत्त्वही वर्षानुवर्षे कागदावरच होते. २०१३ मध्ये मेंढेगिरी अभ्यासगटाचा अहवाल आला, १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने आदेश दिला आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल, तर नाशिक-अहिल्यानगरच्या वरच्या धरणांतून ते सोडावे, असे सूत्र त्यातून मिळाले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच सूत्राने ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला. अंमलबजावणीला २४ नोव्हेंबर उजाडला आणि त्यासाठी मराठवाड्यात रास्ता रोको करावा लागला, हे खरे. तथापि लोक रस्त्यावर उतरले ते भीक मागण्यासाठी नव्हे, आदेश पाळला जावा म्हणून. हा फरक फार मोठा आहे.

पण याच उदाहरणात पुढचा धोकाही दडलेला आहे. सूत्राचा फेरविचार करणाऱ्या नव्या अभ्यासगटाने ६५ टक्क्यांची मर्यादा ५८ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली आहे. ती तांत्रिकदृष्ट्या योग्य की अयोग्य, याचा विचार जलतज्ज्ञांनी करावा. राजकीय प्रश्न निराळा आहे: नियम बदलण्याचा नियम कोणता? ज्यांच्या घशाशी हा आकडा संबंधित आहे, त्यांच्या प्रतिनिधींच्या संमतीला त्या बदलात काही मोजता येण्याजोगे वजन आहे काय? आज तसे वजन नाही. हरकती मागविल्या जातात, त्या नोंदवून घेतल्या जातात आणि निर्णय होतो.

दुहेरी बहुमताचे तत्त्व

युरोपीय संघाने या पेचातून काढलेला मार्ग येथे अभ्यासण्याजोगा आहे. लिस्बनचा करार २००९ च्या डिसेंबरात अमलात आला आणि त्यातील मतदानाचे सूत्र १ नोव्हेंबर २०१४ पासून लागू झाले. त्यानुसार बहुसंख्य बाबतींत निर्णयासाठी दोन कसोट्या लागतात: सदस्य देशांपैकी ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, अनुकूल हवेत, आणि त्या देशांत संघाची ६५ टक्के लोकसंख्या असली पाहिजे. पहिल्या कसोटीमुळे मोठे देश लहानांना तुडवू शकत नाहीत. दुसरीमुळे लहानांची मोट बांधून बहुसंख्य जनतेवर निर्णय लादता येत नाही. शिवाय लोकसंख्येच्या बळावर निर्णय अडवावयाचा तर किमान चार देश लागतात, म्हणजे बड्या तिघांना परस्पर अडवणूक करता येत नाही. २०२३ मध्ये फ्रान्स व जर्मनीने नेमलेल्या तज्ज्ञगटाने, संघ आणखी वाढणार असेल तर दोन्ही कसोट्या ६० टक्क्यांवर आणाव्यात असे सुचविले. हेतू हा, की लहान देशांचे पारडे फार हलके होऊ नये.

हे सूत्र जसेच्या तसे महाराष्ट्राला लागू करता येणार नाही. घटनेच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे विधानसभेतील निर्णय उपस्थित सदस्यांच्या साध्या बहुमताने होतात आणि तो पाया घटनादुरुस्तीवाचून बदलत नाही. परंतु तत्त्व अंगीकारण्यास वाव आहे. अनुच्छेद २०८ नुसार विधानसभा आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करते. तिन्ही प्रदेशांतील आमदारांच्या प्रादेशिक समित्या त्या नियमांत बसविता येतील. प्रादेशिक निधीचे सूत्र, नदीखोऱ्यातील वाटप आणि सेवाभरती या तीन विषयांवरील कोणताही बदल समितीच्या लेखी अभिप्रायाशिवाय सभागृहात येऊ नये. तीनपैकी दोन समित्या प्रतिकूल असतील तर शासनाने प्रस्ताव मागे घेण्याचा संकेत रूढ व्हावा. एकच समिती प्रतिकूल असेल तर प्रस्ताव एका अधिवेशनापुरता थांबावा आणि शासनाने लेखी कारणे द्यावीत. यामुळे एकट्या मराठवाड्याला निर्णय मोडता येणार नाही. पण त्याला कारण विचारता येईल, वेळ मिळेल आणि विदर्भाशी किंवा कोकण-खानदेशाच्या मागास तालुक्यांशी मैत्री जोडता येईल. निर्णय मोडण्याऐवजी त्यावर पुनर्विचार करावयास लावणे, हाच लहान घटकाचा खरा लोकशाही अधिकार.

येथे शेजारच्या तेलंगणाचा दाखला आक्षेप म्हणून पुढे केला जाईल. नांदेडच्या सीमेपलीकडील ते प्रदेशही निजामी राजवटीतूनच आले. १९५६ च्या फेब्रुवारीत त्यांच्यासाठी सभ्य गृहस्थांचा करार म्हणून ओळखला जाणारा करार झाला, पुढे विधानसभेची प्रादेशिक समितीही अस्तित्वात आली. तरी १९६९ चे आंदोलन टळले नाही आणि २ जून २०१४ रोजी वेगळे राज्य झालेच. आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे, पण त्याचा निष्कर्ष उलट निघतो. त्या समितीला तिजोरीवर भार टाकणारे कायदे सुचविण्याचा अधिकार नव्हता. तेलंगणातील शिल्लक महसूल आणि नोकऱ्या हेच तर १९६९ च्या असंतोषाचे मूळ होते. शेवटी १९७३ च्या सहा कलमी सूत्राबरोबर ती समितीही गुंडाळली गेली. समिती दिली आणि पैशाचा विषय तिच्या कक्षेबाहेर ठेवला, तर समिती टिकत नाही आणि राज्यही टिकत नाही. महाराष्ट्राची एकात्मता ज्यांना प्रिय आहे, त्यांनी ही गोष्ट वेळीच ओळखावी.

नांदेड की लातूर?

जे राज्याकडे मागावयाचे, ते स्वतःच्या घरात प्रथम पाळले पाहिजे. २००९ च्या जानेवारीत औरंगाबाद महसूल विभागाचे विभाजन करून नांदेड येथे नवे आयुक्तालय करण्याचा निर्णय जाहीर झाला. तेव्हा मुख्यमंत्री नांदेडचे होते. आधीचे महिन्यापूर्वीपर्यंत लातूरचे होते. लातुरात संतापाची लाट उसळली, बंद झाले, प्रकरण न्यायालयात गेले. दोन्ही शहरांची बाजू मांडणाऱ्यांजवळ मुद्दे होते. नव्हता तो निकष. लोकसंख्या, अंतर, दळणवळण, सीमावर्ती तालुक्यांची सोय यांपैकी कशाला किती गुण द्यावयाचे, हे आधी ठरले असते, तर हरलेल्या शहराला निर्णय कडू लागला असता, पण अपमान वाटला नसता. मुंबईच्या मर्जीबद्दल तक्रार करणाऱ्या मराठवाड्यात दोन शहरांमधला प्रश्नही मर्जीनेच सुटावा, यातील विसंगती डोळ्यांत भरणारी आहे.

हीच गोष्ट जिल्ह्याच्या आत आणखी खोलवर दिसते. घटनेच्या अनुच्छेद २४३ यघ प्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सदस्य पंचायती व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावयाचे असतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने तिचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे दिले. परिणामी जिल्ह्याचा आराखडा ठरतो तो बहुधा पालकमंत्र्यांच्या शब्दाने. किनवटच्या आदिवासी पाड्याचा, देगलूरच्या सीमेवरील गावाचा, जळकोटच्या ऊसतोड मजुराचा त्या आराखड्यात जो वाटा असावयास हवा, तो कोणत्या सूत्राने काढला, हे समितीतील सदस्यांनाही सांगता येत नाही. प्रादेशिक अन्यायाविरुद्ध बोलणारे पुढारी जिल्ह्यातील अन्यायाबद्दल मौन पाळतात, कारण तेथे लाभ त्यांच्याच गटाला होतो. लातूरला आगगाडीने पाणी आले त्या दुष्काळाआधीच्या वर्षांत मांजरेच्या खोऱ्यात उसाचे क्षेत्र कोणाच्या हितासाठी वाढत गेले, हा प्रश्न मुंबईला विचारून चालणार नाही.

म्हणून नियमांच्या सुधारणेची मागणी दोन्ही तोंडांनी करावी लागेल. वरच्या बाजूस राज्यापुढे: विकास मंडळांची मुदत मर्जीवर न ठेवता कायम करावी, वाटपाचे सूत्र अर्थसंकल्पाबरोबर प्रसिद्ध व्हावे, महामंडळांचे कर्ज आणि रोखे त्या सूत्रातून सुटू नयेत, एका प्रदेशाचा अखर्चित निधी दुसरीकडे वळविण्यापूर्वी प्रादेशिक समितीची संमती घ्यावी, आणि पाण्याच्या सूत्रात बदल करावयाचा तर खोऱ्यातील खालच्या भागाच्या प्रतिनिधींचे मत नोंदवून, त्याला उत्तर देऊनच करावा. खालच्या बाजूस जिल्ह्यापुढे: नियोजन समितीने तालुकानिहाय सूत्र ठरवावे, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, आणि पिण्याच्या पाण्याचा हक्क उसाच्या आधी असल्याचा ठराव ग्रामसभांनी करून तो पाळला जातो की नाही हे पाहावे.

या मागण्यांत रोमांच नाही. स्वतंत्र राज्याच्या घोषणेइतकी गर्दी त्या जमवणार नाहीत, आणि एखाद्या मंत्रिपदाइतका जल्लोषही त्यांनी होणार नाही. परंतु युरोपच्या सत्तावीस देशांनी जे कष्टाने शिकले आणि तेलंगणाने जे वियोगातून शिकविले, ते हेच आहे, की एकत्र राहण्याची इच्छा कितीही प्रबळ असली तरी मतभेदाच्या दिवशी काय करावयाचे, हे आधी लिहून ठेवावे लागते. मराठवाड्याने १९६० साली इच्छा दाखविली. लिहून ठेवण्याचे काम बाकी आहे. येत्या अधिवेशनापूर्वी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या पंधरा आमदारांना, पक्ष न पाहता, या मागण्यांवर लेखी भूमिका घ्यावयास लावली, आणि त्याच दिवशी आपापल्या नियोजन समितीकडे तालुकानिहाय सूत्राची प्रत मागितली, तर ते काम सुरू झाले असे म्हणता येईल.